पुढे चाल

॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व)
१४ ऑक्टोबर २०२४

ती. कमलताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी तुम्हाला तब्येत विचारली आणि तुम्ही मला कोथिंबिरीचा भाव सांगितलात. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं, तर तुम्ही त्याहून चढवून पुन्हा तोच भाव सांगितलात. शेजारच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, भांडण कुणाशी चाललंय म्हणून. तेव्हा यापुढे पत्र. कानाचं यंत्र कानात घालायचं असतं, ड्रॉवरमध्ये नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला हे वहिनीने सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

आता कामाचं. शनिवारी आपल्या जिमखान्याचे नवे चिटणीस घरी आले होते. यज्ञेश नावाचा मुलगा आहे, पस्तिशीचा, बोलताना सारखा फोनकडे बघतो, पण चपला बाहेर काढून आला, म्हणून मी चहा दिला. जिमखान्याने महिलांची टेनिस स्पर्धा पुन्हा सुरू करायचं ठरवलंय. जुना लाकडी फलक माळ्यावर सापडला. त्यावर १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांपुढे कु. कमल आठल्ये असं नाव आहे आणि त्याखाली काही नाही. तो मला विचारत होता, या कोण, आता हयात आहेत का. मी म्हटलं, हयात आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारू नकोस.

मग त्याने चाचरत विचारलं की त्या वेळचा फिरता करंडक कुठे असेल याची काही कल्पना आहे का. मी स्वयंपाकघरातून आणून त्याच्यापुढे ठेवला. आत उडीद होते, ते आधी डब्यात ओतले. पोरगा बघतच राहिला. करंडकाला पोचा कसा पडला, असं त्याने विचारलं. ते मी सांगितलं नाही.

अंतिम सामना डिसेंबरात आहे. नव्या विजेतीला करंडक तुमच्या हातून द्यायचा, असं त्यांच्या समितीचं म्हणणं आहे. मी तुमच्या वतीने हो म्हणून टाकलंय. शिवाय स्मरणिकेसाठी तुमच्या खेळाची माहिती हवी आहे. एक पान लिहून पाठवा. अतिशयोक्ती नको, मी तपासून पाहणार आहे.

जूनमध्ये तुम्ही पडलात, खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्यापासून तुम्ही घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही आणि मलाही तिकडे येऊ दिलेलं नाही. त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर रागावेन.

मालनबाईंना नमस्कार. त्या तुम्हाला सांभाळतात, म्हणजे त्यांना मान दिलाच पाहिजे.

लोभ असू द्यावा. राग आल्यास तोही पोस्टानेच पाठवावा.

आपली,
शुभा

—

अंधेरी (पूर्व)
२० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मालनने पाकिटावरचं अक्षर बघूनच विचारलं, बाई, शाळेतून काही तक्रार आलीय का.

मी येणार नाही. हे आधी लिहिते, म्हणजे तू शेवटपर्यंत वाचशील.

आता माहिती. कमल आठल्ये, जन्म मुलुंडला, उंची पाच फूट एक इंच, बॅकहँड बरा, स्वभाव तुझ्या मते वाईट. जिमखान्याचं कोर्ट तेव्हा लाल मुरमाचं होतं. घरून निघताना साडी नेसायची आणि कोर्टावर पोचलं की सोडायची, आत आईने शिवलेला पोटरीपर्यंतचा स्कर्ट. रॅकेट एकच. भाऊने पहिल्या पगारातून आणून दिलेली. लाकूड वाकू नये म्हणून ती चौकटीत घालून चार स्क्रू आवळून ठेवायची. तिच्या तारा बकऱ्याच्या आतड्याच्या असतात, हे आईला कुणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून रॅकेट गॅलरीतल्या खिळ्यावर, आणि मी हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात बंदी. राज्य अजिंक्यपद मिळालं त्या रात्रीसुद्धा आधी हात धुतले, मग पेढा.

तेव्हा आम्ही सगळे हौशी. खेळून कमवायचं नाही, हा नियमच होता. आणि हौसेला मोल नाही म्हणतात ते आमच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. राज्याची विजेती झाले, लेमन सेट मिळाला. दुसऱ्यांदा झाले, दुसरा लेमन सेट मिळाला. तुझ्या लग्नात पाहुण्यांना सरबत कमी पडलं नाही, त्याचं कारण माझी सर्व्हिस. कलकत्त्याला राष्ट्रीय स्पर्धेत हिरवळीवर खेळले. त्याआधी आयुष्यात हिरवळीवर फक्त डबा खाल्ला होता. चेंडू उसळेचना. तरी उपांत्य फेरी गाठली. तिथे हरले आणि परत येऊन सोमवारी एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केली. एवढंच. हे एक पानही नाही झालं बघ.

करंडकाबद्दल मात्र नीट ऐक. तो माझा नाही. सलग तीन वर्षं जिंकणारीला तो कायमचा मिळायचा. मी दोन वर्षं जिंकले. तिसऱ्या वर्षी अंतिम सामना होता हेझल परेराशी. मालाडच्या ऑर्लेमची, डावखुरी, लांब टांगांची, नेटवर आली की समोरचं आभाळ दिसायचं नाही. शनिवारी सामना, रविवारी तुझं नि भाऊचं लग्न, असं बसवलं होतं. शुक्रवारी अवकाळी पाऊस पडला, कोर्टाचा चिखल झाला आणि सामना रविवारवर गेला. मी करवली. हातात कऱ्हा-दिवा घेऊन एक बाई रॅकेट कशी धरणार? पंचांना चिठ्ठी पाठवून दिली. तू मला वॉकओव्हरने हरवलंस, हे मी तुला गेली कित्येक वर्षं सांगतेच आहे.

करंडक त्याच चिठ्ठीपाठोपाठ जायचा होता, घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवलेला. पण हेझलने निरोप पाठवला, रिकाम्या कोर्टावरून मी काही उचलत नाही, ये आणि खेळून दे. आम्ही पुढच्या वर्षी खेळू म्हटलं. पुढच्या वर्षी जिमखान्याने बायकांची स्पर्धा बंद करून टेबल टेनिस आणलं. मग ती कुठे, मी कुठे.

तेव्हा करंडक परत करायलाच हवा, त्यात शंका नाही. पण तो तू दे. तुझ्याकडे आहे, तुझ्या गावात आहे आणि भाषण करायला तुला आवडतं.

तुझा राग मिळाला, लोभ वाटेत असेल. वाट बघते.

तुझी,
कमल

—

॥ श्री ॥
मुलुंड
२६ ऑक्टोबर

ती. कमलताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची माहिती यज्ञेशला दिली. लेमन सेटचा भाग त्याला फार आवडला. उंची मी एक इंचाने कमी करून दिली, कारण तुम्ही पाच फुटांवर कधीच गेला नव्हतात.

करंडक मी देणार नाही. ज्याच्या नावावर वस्तू आहे त्यानेच ती परत करायची, हे मी बत्तीस वर्षं मुलींना ग्रंथालयाच्या पुस्तकांबाबत शिकवत आले. तुम्ही आलात तर करंडक घराबाहेर जाईल. नाही आलात तर त्यात उडीद परत भरेन. तो यज्ञेश पोलीस घेऊन आला तरी चालेल.

तुम्ही का येत नाही तेही मला ठाऊक आहे. पाय दुखतो म्हणून नाही. डॉक्टरांनी तुम्हाला चालायलाच सांगितलंय. मालनबाईंनी मला फोनवर सांगितलं की तुम्ही घरात वॉकर घेऊन तुरुतुरु फिरता आणि बेल वाजली की तो पडद्यामागे लपवून खुर्चीत बसता. आमच्या शाळेत आठवीतल्या मुली कैऱ्या याच पद्धतीने लपवत असत. त्यांचीही कधी सुटका झाली नाही.

आता तुम्ही वॉकओव्हरचा विषय काढलाच आहे, तर माझीही बाजू लिहून ठेवते. आजवर तुम्ही ती चेष्टेवारी नेलीत.

लग्नाच्या संध्याकाळी मी आठल्यांच्या उंबऱ्यावर उभी होते. घरचं माप सापडेना म्हणून तुम्ही दिवाणखान्यातला करंडक आणून त्यात तांदूळ भरून ठेवलेत. मी शिक्षकाची मुलगी. बक्षिसाला पाय लावायचा म्हणजे काय, या विचाराने थबकले. तेवढ्यात मागून तुम्ही म्हणालात, पुढे चाल गं वहिनी. आणि तुमच्या जिमखान्याच्या चारपाच मैत्रिणी एकदम हसत सुटल्या. मला वाटलं, मला हसताहेत, खेड्यातून आली, रीत माहीत नाही म्हणून. रागाने पाय असा लागला की करंडक अंगणापर्यंत घरंगळत गेला. तो पोचा त्याचा. भाऊ पुढे आयुष्यभर म्हणत राहिले की आठल्यांच्या घरातला खरा फोरहँड कमलच्या हातात नसून शुभाच्या पायात आहे.

चार वर्षांनी स्टाफरूममध्ये वर्तमानपत्राचं मागचं पान कुणीतरी मोठ्याने वाचत होतं. प्रतिस्पर्धी न आल्यामुळे अमुकला पुढे चाल मिळाली. मी विचारलं, पुढे चाल म्हणजे काय. पी.टी.च्या बाई म्हणाल्या, अहो, वॉकओव्हरला मराठीत तसंच म्हणतात. तेव्हा कुठे मला त्या हसण्याचा अर्थ लागला. आणि त्या दिवशी तुमचा सामना होता, हेही तेव्हाच कळलं. घरी येऊन भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, हो, पण तिने सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं.

तेव्हा हरवलंस वगैरे पुरे. मी तुमच्याशी कधी खेळलेच नाही. तुम्ही तुमच्या मनाने सोडून दिलंत आणि त्याची चेष्टा करून मोकळ्या झालात. एकदा चाललं. दुसऱ्यांदा चालणार नाही.

घरची बातमी एवढीच की निहारने लग्न ठरवलं आहे. नातू माझा आहे, पण मला सांगितलं सर्वांत शेवटी. मुलगी श्रुतिका, मालाडची, माणसं मूळ कुडाळकडची. घरी आली तेव्हा माझ्याशी न घाबरता बोलली. माझं मत चांगलं झालं आहे, अजून कुणाला सांगितलेलं नाही.

लोभ आहेच. तो दाखवायला तुम्हालाच यावं लागेल.

आपली,
शुभा

ता. क. दिवाळीचा फराळ निहारबरोबर पाठवते. चकल्या यंदा मऊ झाल्यात. न बोलता खाव्यात.

—

पोस्टकार्ड

मुलुंड, ५ नोव्हेंबर

ती. कमलताई, शि. सा. न. वि. वि.
निहारचं लग्न ८ डिसेंबर, रविवार, मालाडला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी हॉल मिळाला नाही. जिमखान्याचा अंतिम सामनाही ८ डिसेंबर, रविवार. हे मला आज कळलं. हसू नये.
शुभा

—

अंधेरी
१० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

हसले. मालनने धावत येऊन पाठ चोळली.

एवढी वर्षं लोटली आणि मुहूर्त पुन्हा माझ्याच सामन्यावर! आठल्यांच्या घरात लग्न ठरलं की भटजी पंचांगाऐवजी टेनिसचं वेळापत्रक बघतात की काय? मी तर म्हणते, हा शुभशकुन आहे. मी पुन्हा पुढे चाल देते. निहारच्या लग्नाला येते, कोपऱ्यात खुर्चीवर बसते, अक्षता टाकते, जिलबी खाते. तिकडे यज्ञेशला सांग की आजींना घरचं कार्य आहे. करंडकही त्या दिवशी तुला लागणारच. नातसून माप काय डालड्याच्या डब्याने ओलांडणार? तू उगाच ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या आड लपतेस. तुला तो द्यायचा नाहीये, कबूल कर.

आता चेष्टा बाजूला. चकल्या खरंच मऊ होत्या, पण दातांना बऱ्या.

वहिनी, तू मला खेळताना कधी पाहिलं नाहीस. तू आलीस आणि मी खेळणं सोडलं. कारण तू नव्हेस, एक्स्चेंजमध्ये बढती मिळाली आणि रॅकेट मोडली. पण त्या कोर्टावर मला ज्यांनी पाहिलं, त्यातले दोनचार म्हातारे अजून मुलुंडला आहेत. त्यांना धावणारी कमल आठवते. उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात गेलेला चेंडू मी परत आणायचे तेव्हा लोक चेंडूकडे बघायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे. माझ्याजवळ लेमन सेटसुद्धा उरलेला नाही गं, तेवढं एक बघणं उरलं आहे. त्याच बेसलाइनवर मी चार पायांचं ॲल्युमिनियमचं ते घोडं टकटक करत नेलं की तेही जाईल. मग त्यांना हीच कमल आठवेल.

म्हणून नको म्हणते. तू शहाणी आहेस, समजून घे. आणि घेतलं नाहीस तर निदान गप्प बस. दोन्ही तुला अवघड आहे, याची कल्पना आहे.

माया कमी करू नये, शिक्षा करावी.

तुझी,
कमल

—

॥ श्री ॥
मुलुंड
१६ नोव्हेंबर

ती. कमलताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

समजून घेतलं. गप्प बसणार नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग कामाला लागले.

पहिलं, गुरुजींशी बोलले. लग्न सकाळचंच आहे. सूर्य मावळायच्या आत गृहप्रवेश झाला की शास्त्राची हरकत नाही. माझी तर मुळीच नाही. मालाडहून जेवणं लवकर आटोपून निघायचं. घरी माप ओलांडायचं. तांदूळ सुपात काढायचे, करंडक फडक्याने पुसायचा आणि तिथून जिमखाना, रिक्षाने पाच मिनिटं. यज्ञेशला सांगून ठेवलंय की आम्ही आल्याशिवाय बक्षीस समारंभ सुरू करायचा नाही. तो म्हणाला, आजी, प्रमुख पाहुणे खोळंबतील. मी म्हटलं, खोळंबू देत. बसायला खुर्ची असते त्यांना.

दुसरं, हे सगळं श्रुतिकाच्या वडिलांना कसं सांगावं, याची मला चिंता होती. दत्ताराम सावंत त्यांचं नाव. लेकीला सासरी आणली आणि लगेच टेनिसला नेली, असं कुणाला आवडेल? मी सगळी हकीकत सांगितली. ते एवढंच म्हणाले की आजयेचो कप आजयेन देवक होयो, लगीन काय, आमी आटपतलव लवकर. माझं त्या घराबद्दलचंही मत चांगलं झालं आहे.

तिसरं महत्त्वाचं. हकीकत सांगताना मी हेझल परेरा हे नाव घेतलं, तर श्रुतिका उडालीच. ती प्राथमिक शाळेत असताना परेरा टीचर तिला खेळाच्या तासाला होत्या. निवृत्त झाल्या, ऑर्लेमलाच राहतात, ऐंशी वर्षांच्या आहेत. पोरगी दुसऱ्या दिवशी लग्नाच्या खरेदीतून वेळ काढून त्यांच्याकडे जाऊन आली. त्यांनी तुमचं नाव ऐकताक्षणी विचारलं म्हणे, की ती अजून बॅकहँडला पाय क्रॉस करते का. श्रुतिकाने आमंत्रण दिलं. त्यावर त्या म्हणाल्या, कमल येणार असेल तर येते. रिकाम्या कोर्टावर मी येत नाही, हे तिला माहीत आहे.

तेव्हा आता तुम्ही नाही आलात तर यंदाही हेझलबाईंना पुढे चाल. सलग दोन वेळा. मग करंडकावर त्यांचं नाव कोरायला मी स्वतः सोनाराकडे जाईन.

राहिलं ते धावण्याचं. मी तुम्हाला खेळताना पाहिलं नाही हे खरं. पण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या मुलीने तुम्हाला उभं केलं, तेव्हा मी दारात होते. तुम्ही पलंगापासून खिडकीपर्यंत गेलात. खिडकीपाशी तुम्ही एकदम मान वळवून पाहिलंत, चेंडू कुठे गेला ते बघावं तसं. भाऊ मला तुमच्या खेळाबद्दल जे सांगायचे ते मला त्या क्षणी पटलं. वॉकर होता की नव्हता, माझ्या लक्षातही राहिलं नाही. म्हाताऱ्यांच्याही राहणार नाही. त्यांच्यातल्या दोघांना मोतीबिंदू आहे.

बाकी भेटीत. भेट ८ तारखेला आहे.

आपली,
शुभा

—

अंधेरी
२१ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

स. न. वगैरे काही नाही. तू हेझलला शोधून आणशील हे मला वाटलं नव्हतं. हा नियमबाह्य फटका आहे.

येते. अटी दोन. वॉकरला कुणी फुलं बांधायची नाहीत, निहारला बजाव. आणि मला भाषण करायला सांगायचं नाही.

बॅकहँडला मी पाय क्रॉस करत नसे. तिला सांग.

कमल

—

अंधेरी
१० डिसेंबर

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

परवाच्या दिवसाने अंग आंबलं आहे, पण उजवा खांदा सोडून सगळं जागच्या जागी आहे. खांदा हात हलवून दाखवताना गेला. राणीसारखा हलवायचा असतो म्हणे, मी सर्व्हिससारखा हलवला.

आता एक अडचण आहे. मी सगळं पाहिलं, पण ऐकलं काहीच नाही. यंत्र मालनने घातलं होतं. हॉलमधल्या बँडने त्याची वाट लावली. नंतर नुसती शिटी वाजत होती, म्हणून गाडीत काढून पर्समध्ये टाकलं. माझा सत्कार झाला आणि तो मला मूकपटासारखा दिसला. तेव्हा तू मला तो लिहून कळव. तू खरं लिहितेस, हा तुझा मोठा दोष आज उपयोगी पडू दे.

उंबऱ्यावर श्रुतिका एवढी का हसली? तिने पाय लावला तो इतका हलका की करंडक डुलला आणि पुन्हा सरळ उभा राहिला. मग तिच्या आईने काहीतरी सांगितलं आणि पोरीने दुसऱ्यांदा लावला तो थेट तुझ्या परंपरेला शोभेल असा. करंडक घरंगळत आला आणि मी वॉकर आडवा घालून अडवला, हे सर्वांनी पाहिलं ना? तू पाहिलंस ना? तो बॅकहँड होता. पाय क्रॉस केला नव्हता.

मग कोर्ट. लाल माती गेली, निळा रंग आला. मला वाटलं, पोहण्याचा तलाव आहे. दोन्हीकडे माणसं उभी. त्या कडेशी येऊन मी थांबले, हे तुझ्या लक्षात आलं असेल. वॉकरचे पाय रेषेला टेकले आणि पुढे जाईनात. वॉकर ठीक होता. मीच जाईना. पलीकडे नेटजवळ हेझल खुर्चीतून उठत होती, एवढी उंच बाई कुठे दुमडून बसली होती कोण जाणे. मी वळून तुझ्याकडे पाहिलं. तू मागे उभी होतीस, तुझे ओठ हलले. तू काहीतरी म्हणालीस. काय, ते मला कळलं नाही, पण पाय निघाले.

ते काय होतं, तेवढं लिही. आणि हेझल माझ्या डाव्या कानात बराच वेळ बोलत होती. डाव्या कानाने मी गेल्या दहा वर्षांत काही ऐकलेलं नाही, पण मान डोलवत होते. कशाला हो म्हणून बसले आहे, तेही कळव. म्हातारपणी मॅच लावून बसले असेन तर सरावाला वेळ हवा.

उत्तराची घाई आहे. लोभाची नाही, तो आता मुरला आहे.

तुझी,
कमल

—

॥ श्री ॥
मुलुंड
१३ डिसेंबर

ती. कमलताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

क्रमाने सांगते.

उंबऱ्यावर श्रुतिका हसली, कारण निहारने तिच्या कानात सांगितलं की हा पोचा आजीच्या लाथेचा आहे. तिची आई जे म्हणाली ते असं, की अगो, जोरान ढकल, तांदूळ सांडूक होये, काच नाय ती. तुमचा बॅकहँड सर्वांनी पाहिला. दत्तारामांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या, मग मंत्र विसरले. करंडकाला आता दुसरा पोचा आहे. यज्ञेशने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, एक माझा, एक नातसुनेचा, तिसऱ्याची वाट बघू नकोस.

मैदानावर यज्ञेशने तुमची माहिती वाचून दाखवली. लेमन सेटला हशा पिकला. कलकत्त्यानंतरच्या रात्रपाळीला कुणी हसलं नाही. जिंकलेली प्रांजल नावाची मुलगी सतरा वर्षांची आहे. तुम्ही करंडक दिलात तेव्हा तिने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, आजी, एका रॅकेटवर कसं भागायचं. तुम्ही तिला उत्तर दिलंत की पाच फूट एक इंच. लोकांना वाटलं, यात काहीतरी खोल अर्थ आहे. मी ते तसंच वाटू दिलं.

म्हाताऱ्यांपैकी तिघे आले होते. मोतीबिंदूवाले एक गृहस्थ तुम्ही आत येताना शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले, आली बघ, अजून उजव्या कोपऱ्यातूनच येते. वॉकरचं नाव कुणी काढलं नाही. मी कान देऊन उभी होते.

आता हेझलबाई. मी तुमच्या डाव्या हातालाच होते, म्हणून ऐकायला मिळालं. त्या म्हणाल्या की त्या रविवारी सकाळी उठून त्या माउंट मेरीला गेल्या होत्या. मेणबत्ती लावून नवस बोलल्या, की कमल आज कोर्टावर येऊ नये. कारण दोन वर्षं तुम्ही त्यांना हरवलं होतं आणि तिसऱ्यांदा हरायची हिंमत त्यांच्यात नव्हती. दुपारी तुमची चिठ्ठी आली. त्या घाबरल्याच. मेरीमातेने ऐकलं, आता हा कप घेतला तर पाप लागेल, म्हणून घेतला नाही. रिकामं कोर्ट वगैरे नंतर सुचलं. इतकी वर्षं त्यांना हे तुम्हाला सांगायचं होतं. आणि तुम्ही मान डोलवलीत, म्हणजे माफ केलंत. त्या रडल्या, तेव्हा तुम्ही त्यांची पाठ थोपटलीत. तुमच्या चेहऱ्यावरून तुम्हाला वाटलं असावं की त्या गुडघ्यांबद्दल बोलताहेत. मी त्यांना सांगितलं, अहो, त्यात मेरीमातेचा काही हात नव्हता, ते आमचं लग्न होतं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

मॅच लागलेली नाही. चहाला या, असं तुम्ही त्यांना मोठ्याने तीनदा म्हणालात. त्या पुढच्या गुरुवारी येणार आहेत. यंत्र दुरुस्त करून घ्या.

करंडक गेल्यावर फळीवर गोल डाग राहिला आहे. तिथे मी काही ठेवलेलं नाही. तुम्ही विचारलं होतंत, मला तो द्यायचा नव्हता का. नव्हता. तो घरात होता तोवर तुमचं तिसरं वर्ष अजून संपलेलं नाही, असं मला वाटायचं. आता संपलं आणि ठीक संपलं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कोर्टाच्या कडेशी मी काय म्हणाले.

सत्तावन्न वर्षांत मी तुम्हाला कधी अगं-तुगं केलेलं नाही. वयाने मोठ्या नणंदेला करायचं नसतं, आणि मी नियम मोडत नाही. पण पुढे चला म्हटलं असतं तर बसच्या कंडक्टरसारखं वाटलं असतं. शिवाय खेळातला शब्द तसा नाही. तो तुमच्याकडूनच ऐकलेला, उंबऱ्यावर. जसा ऐकला होता तसाच परत केला. त्यात एका अक्षराचाही बदल करणं मला योग्य वाटलं नाही.

तुम्हाला ऐकू आलं नाही, हे बरंच झालं. ऐकू न येताही तुम्ही गेलात.

पुन्हा असा एकेरी उल्लेख होणार नाही. लोभाचं मात्र मागचंच पुढे चालू ठेवावं.

तुमची वहिनी,
शुभा

ता. क. बॅकहँडला तुम्ही पाय क्रॉस करत होतात. भाऊंनीही सांगितलं होतं.